क्रूझचं पॅकेज आणि खान्देशी हिशोब

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत कंपनीचे मेल सुरू होतात. ड्रिंक्स पॅकेज, वायफाय पॅकेज, स्पेशल रेस्टॉरंटचं पॅकेज, किनाऱ्यावरच्या सहली, लवकर चढण्याची सोय. प्रत्येकावर खोडलेली मोठी किंमत आणि खाली लाल अक्षरात छोटी. जळगाव-भुसावळकडची मंडळी गटानं निघालेली असली तर व्हॉट्सॲपवर कोणीतरी लिहितंच, "एवढे भरले भो, तं हे बी भरून टाकू. रोज रोज कुठं जातो आपण?" नेमकं इथंच थांबून कागद-पेन घ्यायचं. केळीचा भाव ठरवताना क्विंटलमागं दहा रुपयांसाठी ताणून धरणारी माणसं इथं डोळे मिटून साठ हजार सोडतात. कारण एकच, रक्कम डॉलरमध्ये आणि दर दिवसाचा लिहिलेला असतो.

आमच्या गटानं पॅकेज बघण्याआधी तिकिटातच काय काय आलंय ते पाहिलं. मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर मुख्य डायनिंग रूममधलं तीन वेळचं जेवण, बुफे, बहुतेक शो, पूल, जिम हे सगळं भाड्यात असतं. पिण्यातलं साधं पाणी, साधी कॉफी, डिप चहा, दूध, लिंबू सरबत, आइस्ड टी आणि नाश्त्याच्या वेळचा ज्यूस फुकट. पैसे पडतात ते बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, मशीनची कॉफी, ताजा ज्यूस, मॉकटेल आणि दारूला. जहाजाचं नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, बुफेपाशी यंत्रातून गारही मिळतं. घरून रिकामी बाटली नेली की पाण्याच्या बाटल्यांचा खर्च यादीतून गेला. चहाचा प्रश्न मात्र कुठलंच पॅकेज सोडवत नाही. आपला उकळलेला, आलं घातलेला चहा तिथं नसतो. प्रीमिक्सची पाकिटं नेली तर गरम पाणी बुफेवर फुकट आहे. इलेक्ट्रिक केटली नेऊ नये, केबिनमध्ये तापणारी उपकरणं चालत नाहीत आणि चढतानाच सामान तपासणीत काढून घेतात.

आता ड्रिंक्स पॅकेज. त्यातल्या चार गोष्टी किमतीच्या आकड्यात दिसत नाहीत.

पहिली, दर माणशी आणि दर रात्रीचा असतो. दुसरी, त्यावर सेवाशुल्क वेगळं बसतं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ते १८ टक्के आहे, काही कंपन्या २० टक्के घेतात. तिसरी, पॅकेज पूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं, मधले दोनच दिवस निवडता येत नाहीत. चौथी सगळ्यात महाग: एका केबिनमधल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या बाकी सगळ्या, पिण्याच्या वयाच्या माणसांनी ते घेतलंच पाहिजे. रॉयल कॅरिबियनचा हा नियम आहे, इतरही अनेक कंपन्यांचा आहे. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून तो केलेला. वयाची अट मार्गाप्रमाणे बदलते. उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर २१, आशियातून निघणाऱ्यांवर बहुधा १८. म्हणजे आईवडिलांच्या केबिनमध्ये झोपणारा बारावी झालेला मुलगाही या मोजणीत येतो.

हे आकड्यात बसवून पाहू. समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर आहे. १८ टक्के धरून ८२.६० होतात. चार रात्रींचे ३३०.४० आणि नवरा-बायको दोघांचे ६६०.८०. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला तर ५९,४७२ रुपये. कार्डावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागला की रक्कम ६२ हजारांच्या आसपास जाते.

समोरच्या बाजूला सुटे भाव मांडायचे. समजा बिअर ८ डॉलर, सेवाशुल्कासह ९.४४. कॉकटेल १३ डॉलर, म्हणजे १५.३४. मशीनची कॉफी ५, म्हणजे ५.९०. नवरा संध्याकाळी दोन बिअर घेतो, बायको एक कॉफी, असं चार दिवस चाललं तर ९९ डॉलर. मार्कअपसह सव्वानऊ हजार रुपये. ६२ हजार कुठं आणि सव्वानऊ कुठं. पॅकेज फिटायला एकट्या माणसाला दिवसाला जवळपास नऊ बिअर प्याव्या लागतील. बायको पीत नसेल आणि तिचंही पॅकेज त्याच्याच डोक्यावर बसलं तर साडेसतरा. हा आकडा गटात टाकला की चर्चा आपोआप शांत होते.

अर्थात पिणारा खरोखर पिणारा असेल तर हिशोब पालटतो. दिवसाला चार-पाच कॉकटेल, दोन कॉफी आणि एखादी पाण्याची बाटली असं ज्याचं सरळ सरळ जमतं, त्याला पॅकेज परवडतं. पण तेही दिवसाचे तास मोजूनच. चार रात्रींच्या प्रवासात पहिल्या दिवशी चढायलाच दुपार होते, पैसे मात्र पूर्ण दिवसाचे. ज्या दिवशी जहाज बंदरात आहे त्या दिवशी सकाळी उतरून संध्याकाळी परत येणारा माणूस बारपाशी फक्त रात्रीच जातो. शेवटच्या सकाळी तर बाहेर काढण्याचीच घाई असते. चार रात्रींत दोन बंदरं असतील तर खरा समुद्रावरचा दिवस एखादाच उरतो. म्हणून पॅकेज जास्त करून लांबच्या, समुद्रावरचे दिवस जास्त असलेल्या प्रवासात फिटतं. छोट्या, बंदरांच्या प्रवासात क्वचितच.

गटाचा हिशोब करताना आम्ही प्रत्येकाकडून एक साधी नोंद मागवली: घरी किंवा लग्नकार्यात दिवसभरात काय पितो आणि किती. जहाजावर काय प्यावंसं वाटेल हे विचारायचं नाही, तिथं सगळ्यांना सगळंच प्यावंसं वाटतं. नोंद आली तेव्हा चित्र खान्देशातल्या कुठल्याही गटासारखंच होतं. वडीलधारे आबा-नाना चहाचे, निम्म्याहून जास्त बायका फक्त कॉफी किंवा सरबताच्या, काही घरांत दारूला हातही नाही, आणि पाच-सहा भाऊबंद मात्र मोकळ्या हाताचे. या पाच-सहांसाठी सगळ्या केबिन पॅकेजमध्ये ओढायच्या का, हाच प्रश्न.

उत्तर केबिनच्या यादीत सापडतं. जोडप्यांप्रमाणे केबिन न लावता पिणाऱ्यांच्या केबिन वेगळ्या आणि न पिणाऱ्यांच्या वेगळ्या लावल्या की नियम आपोआप पाळला जातो आणि फुकटचा भार जातो. दोन चुलतभाऊ एका केबिनमध्ये, दोघी जावा शेजारच्या. याला कंपनीची हरकत नसते, फक्त नावं बुकिंगच्या वेळीच तशी पडली पाहिजेत. नंतर नावं हलवायची तर एजंटला कंपनीकडे दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि निघायच्या तोंडावर ती होईलच असं नाही. जहाजावर प्रत्येकाला मिळणाऱ्या कार्डावर दुसऱ्याला ड्रिंक देणं मात्र करू नये. बारवाला प्रत्येक वेळी कार्ड स्कॅन करतो, फोटो समोर येतो, आणि पकडलं तर पॅकेज रद्द होऊन पैसेही जातात.

जोडप्याला एकत्रच राहायचं असेल आणि एकजण औषधामुळं, गर्भारपणामुळं किंवा धार्मिक कारणानं पीत नसेल तर कंपनीला फोन करून विचारावं. काही कंपन्या अशा वेळी दुसऱ्या माणसासाठी बिनदारूचं स्वस्त पॅकेज चालवून घेतात. वेबसाइटवर हा पर्याय दिसत नाही, मागितला तरच मिळतो.

हे बिनदारूचं पॅकेज मुलांसाठी विचारात घेण्यासारखं असतं. समजा दिवसाला ३० डॉलर, शुल्कासह ३५.४०. पंधरा-सोळाचा मुलगा दिवसाला तीन मॉकटेल आणि दोन कोल्ड्रिंक घेतो म्हटलं तर सुटा खर्च ३७ डॉलरच्या पुढं जातो, म्हणजे जेमतेम फिटतं. दहा वर्षांच्या पोराला नुसतं कोल्ड्रिंकचं पॅकेज पुरतं. आजीला यातलं काहीच नको. फक्त एक बघावं: पॅकेजमध्ये एका ड्रिंकची वरची किंमत ठरलेली असते, त्याहून महागाचं मागवलं की फरक आपल्या जहाजावरच्या खात्यावर चढतो. ‘सगळं अनलिमिटेड’ हे त्या मर्यादेच्या आतलं.

वायफायचा निकाल लवकर लागतो. दर एका उपकरणाचा असतो, माणसाचा नाही. एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्यावर लॉगिन करता येतं, तेव्हा एका कुटुंबाला एकच जोडणी पुरते. मुलं एकाच वेळी तीन फोनवर बसणार असतील तर गोष्ट वेगळी. बंदरात उतरल्यावर साधं रोमिंग किंवा तिथलं ई-सिम चालतं, म्हणजे घरी फोन त्या दिवशी होऊन जातो. दुकान, दवाखाना किंवा शेतीमालाचा व्यवहार चालू ठेवायचा असेल तर एक जोडणी घ्यावी, नाहीतर सोडावी. मात्र जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाकायचाच. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, त्याला आपला नेहमीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक सहसा लागू होत नाही आणि बिल फार मोठं येतं.

स्पेशल रेस्टॉरंटचं पॅकेज शाकाहाऱ्यांनी सरळ ओलांडून पुढं जावं. ही रेस्टॉरंट बहुतेक स्टेक, मासे नाहीतर सुशीची. तिथं शाकाहारी माणूस कव्हर चार्ज (तिथं बसण्याचं वेगळं शुल्क) भरून पास्ता आणि बटाटे खाऊन येतो. मुख्य डायनिंग रूममध्ये सिंगापूरच्या फेऱ्यांवर भारतीय शाकाहारी पदार्थ असतात. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवावं, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून उद्याचं आजच सांगावं. म्हणजे वेगळं बनवून देतात. तिखट मात्र आपल्यासारखं होत नाही. शेंगदाण्याची, लसणाची कोरडी चटणी सीलबंद पाकिटात चालते. भरीत आणि ओला ठेचा घरीच खाऊन निघावं. मांसाहारी असाल आणि एखाद्या रात्री बाहेरचं खायचंच असेल तर समुद्रावरच्या दिवशीचं दुपारचं जेवण बघावं, तेच रेस्टॉरंट दुपारी स्वस्त पडतं.

किनाऱ्यावरच्या सहलींबाबत सरसकट उत्तर नाही. बंदर कुठं आहे त्यावर सगळं ठरतं, म्हणून नकाशा उघडून बसावं लागतं.

मलेशियातल्या पिनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं. ते जॉर्जटाउन गावातच आहे. बाहेर पडलं की समोर फोर्ट कॉर्नवॉलिस, आणि तिथून चालत लिटल इंडिया. दक्षिणी शाकाहारी हॉटेलं, केळीच्या पानावर जेवण, सगळं पायी. पिनांग हिलला जायचं तर ग्रॅब ॲपवरून टॅक्सी घ्यावी, आठ-दहा किलोमीटर आहे. इथं जहाजाची सहल घेणं म्हणजे जळगावच्या स्टेशनाबाहेर उतरून नेहरू चौकात जायला टूर कंपनीची बस करण्यासारखं.

मलेशियातल्याच पोर्ट क्लँगचं उलटं आहे. क्वालालंपूर दाखवू म्हणतात, पण क्रूझ टर्मिनल पुलाऊ इंदाह बेटावर आहे आणि शहर तिथून पन्नास-साठ किलोमीटर. पोर्ट क्लँगचं रेल्वे स्टेशनही टर्मिनलच्या दारात नाही. रस्त्यावर गर्दी लागली तर एका बाजूलाच दीड तास जातो. इथं जहाजाची सहल महाग असली तरी घ्यावी. कारण सोपं: कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपल्या भाड्याच्या गाडीसाठी थांबत नाही. जहाज चुकलं की पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, व्हिसा सगळं आपल्या खिशातून. आठ-दहाजणांचा गट असेल, वेळेच्या बाबतीत कडक माणूस सोबत असेल आणि परतीला दोन-अडीच तास राखीव ठेवले असतील तरच स्वतःची व्हॅन.

फुकेतला जहाज काही वेळा किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतं आणि लहान बोटीनं नेतात. बोटीचा नंबर लागायलाच वेळ जातो, आणि सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. शिवाय थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. जहाज आपली वेळ बदलतंच असं नाही, पण फोन किनाऱ्यावर उतरताच आपोआप बदलतो. ‘पाचला परत या’ म्हणजे कुठले पाच, हे उतरताना विचारून हातातल्या साध्या घड्याळावर जहाजाची वेळ ठेवावी. सहलीचे पैसे वाचवून इथं घोटाळा झाला तर बचतीच्या कित्येक पट जातात.

समुद्र खवळला तर बंदर रद्द होतं, आणि तेव्हाही फरक पडतो. जहाजाच्या सहलीचे पैसे खात्यावर परत येतात. बाहेर ऑनलाइन घेतलेल्या सहलीचे येतील की नाही हे त्या कंपनीच्या अटीवर. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी हे विशेष बघावं. तिथं जहाज खोल पाण्यात उभं राहतं, पुढं लहान बोटी, आणि वारा वाढला की उतरणंच रद्द.

मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या गोवा किंवा नुसत्या समुद्रफेरीसाठी ड्रिंक्स पॅकेजचा प्रश्न फार खोलात नेऊ नये. तास इतके कमी असतात की सुटं घेणंच बरं. तिथं बघायचं ते वेगळं: तिकिटाच्या जाहिरातीतल्या रकमेत बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी धरलाय का, आणि कुठले शो तिकिटाचे आहेत. लवकर चढण्याचं पॅकेजही असतं. रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसनं पहाटे सीएसएमटीला उतरलेल्या जळगावच्या मंडळींना ते मोहात पाडतं, कारण बॅलार्ड पिअर तिथून दोनेक किलोमीटर आणि चढायचं दुपारी. पण चढण्याच्या वेळेचा स्लॉट ऑनलाइन चेक-इन उघडताच फुकट निवडता येत असेल तर आधी तो बघावा. उघडल्या दिवशीच पहिला स्लॉट घेतला की पैसे द्यायचं कारण उरत नाही. तोवर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये.

खरेदीची वेळ. घ्यायचंच ठरलं तर पॅकेज जहाजावर चढण्याआधी घ्यावं, वर गेल्यावर ते महाग असतं. भाव स्थिर नसतो, विमानाच्या तिकिटासारखा वरखाली होतो. आधी घेतलेलं पॅकेज प्रवासापूर्वी रद्द करून पैसे परत मिळत असतील (रॉयल कॅरिबियनवर मिळतात), तर लवकर एकदा घेऊन ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा भाव बघायचा. उतरला की नव्या भावानं घ्यायचं, जुनं रद्द करायचं. जमत असेल तर आधी नवीन, मग रद्द, हा क्रम पाळावा. परतावा त्याच कार्डावर येतो, म्हणून मधेच कार्ड बदलू नये.

यासाठी कंपनीचा बुकिंग क्रमांक हातात लागतो. इथंच गावाकडच्या एजंटशी गाठ पडते. बरेच एजंट स्वतःचं व्हाउचर देतात, मूळ क्रमांक देत नाहीत, आणि पॅकेज रुपयात ‘सगळं धरून’ सांगतात. भाव उतरला तरी मग आपल्याला ते कळत नाही. आगाऊ रक्कम देतानाच सांगावं: "दादा, कंपनीचा नंबर दिल्यावर बाकीचे पैसे." सोबत एवढंही विचारून घ्यावं की कर्मचाऱ्यांचं रोजचं सेवाशुल्क रकमेत आहे का. ते माणशी दिवसाला अठरा-वीस डॉलरच्या घरात असतं आणि लहान मुलांनाही लागतं. चारजणांच्या कुटुंबाला चार रात्रींचे तीनशे डॉलर तिथंच होतात. कुठल्याही पॅकेजपेक्षा हा खर्च पक्का, आणि बजेटमध्ये हाच राहून जातो. परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, त्याची नोंद पॅनवर दिसते आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. म्हणून पावती ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्या नावानं घ्यावी. आजीच्या नावानं पावती करून कोणी फायद्यात आलेलं नाही.

जहाजावर चढल्यावर तिथल्या खर्चाच्या खात्याला आपलं बँकेचं कार्ड जोडतात. तिथं डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नये. कंपनी रोजच्या अंदाजानं रक्कम अडवून ठेवते आणि अडवलेले पैसे सुटायला प्रवास संपल्यावरही काही दिवस लागतात. तोवर सिंगापुरात हॉटेलसाठी कार्ड चालत नाही. क्रेडिट कार्ड द्यावं, नाहीतर गेस्ट सर्व्हिसवर रोख डॉलर जमा करावेत. खातं रोज रात्री ॲपवर उघडून बघायचं, त्याला इंटरनेट पॅकेज लागत नाही, जहाजाच्या साध्या वायफायवर ते चालतं. पॅकेज घेतलेल्याच्या खात्यावर सुटी बिअर चढली असेल किंवा मुलानं व्हिडिओ गेमच्या आर्केडमध्ये जहाजाचं कार्ड घासलं असेल तर त्याच रात्री काउंटरवर सांगावं. शेवटच्या सकाळी तिथं रांग बाहेरपर्यंत असते, आणि उतरल्यावर मेल लिहून पैसे परत मागण्यात महिना जातो.